चिखलावर पोसलेलं पाखरू

शिवडीला किंवा ठाण्याच्या खाडीवर ओहोटीच्या वेळी गेलं की नजर आधी रोहित पक्ष्यांवर जाते. त्यांच्या पायांशी चिखलात तुरुतुरु पळणारे टिलवे कुणाच्या खिजगणतीत नसतात. ही हकिगत अशाच एका टिलव्याएवढ्या पाखराची आहे. ते आपल्या कोकण किनाऱ्यावर येत नाही. त्याची वाट आशियाच्या पूर्व काठाने जाते.

इंग्रजीत स्पून-बिल्ड सँडपायपर. आपण त्याला चमचचोच तुतारी म्हणू. वजन जेमतेम ३० ग्रॅम. चोचीचं टोक चमच्यासारखं पसरट, पण बाजूने पाहिलं तर ते कळतही नाही. पाखरू तोंड वळवून समोर बघतं तेव्हाच चमचा दिसतो. म्हणून शेकडो टिलव्यांच्या थव्यात ते हुडकायला दुर्बिणीला डोळा लावून तासन्‌तास बसावं लागतं. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेच हा चमचा घेऊन. कार्ल लिनियसने १७५८ साली ही चोच पाहून पाखराला थेट बगळ्याएवढ्या चमच्या पक्ष्यांच्या पंगतीत बसवलं आणि गाव लिहिलं दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम. कूळही चुकलं, गावही.

खरं माहेर रशियाच्या ईशान्य टोकाला, चुकोत्का आणि उत्तर कामचाटकाच्या किनाऱ्यावर. समुद्राला लागून असलेल्या टुंड्रात, खाजणांच्या कडेला, खुरट्या झुडपांत आणि दगडफुलात घरटं. अंडी साधारण चार. पिल्लं निघाली की मादी लवकरच दक्षिणेची वाट धरते. पिल्लांमागे हिंडण्याचं काम नराकडे. पुढचा प्रवास सुमारे ८,००० किलोमीटरचा. हिवाळा म्यानमार, बांगलादेश, थायलंड आणि दक्षिण चीनच्या किनाऱ्यांवर, आणि वाटेतला मोठा मुक्काम चीन आणि कोरियाच्या मधल्या पीत समुद्रावर.

१९७०च्या दशकात या पाखराच्या दोन हजारांहून जास्त जोड्या असाव्यात असा अंदाज होता. २००८-०९पर्यंत त्या १२० ते २००च्या घरात आल्या. टुंड्रात तर फारशी माणसंच नाहीत. मग घात झाला कुठे?

एक तर वाटेतल्या चिखलात. ओहोटीला उघडी पडणारी जमीन सरकारी कागदावर बहुधा पडीक ठरते. भर घाला, बांध घाला, कारखाना उभा करा. पाखरासाठी मात्र हा खानावळीचा मुक्काम आहे. इथे अंगावर चरबी चढली नाही तर पुढचं उड्डाण जमत नाही. पीत समुद्राच्या काठचा असा चिखल पन्नास वर्षांत निम्म्याहून जास्त गेला. दक्षिण कोरियात सेमांगम इथे ३३ किलोमीटरचा बांध २००६मध्ये जोडला गेला आणि तुतारीचा एक जुना मुक्काम भरती-ओहोटीला मुकला. चीनने तर १९७९ साली गाळ धरून ठेवायला अमेरिकेतून स्पार्टिना नावाचं गवत आणून लावलं. गवताने गाळ धरला, पण किनारेच्या किनारेही व्यापले. माणसाच्या उंचीच्या गवतात हे पाखरू चरणार कसं?

दुसरा घाव म्यानमारच्या मोत्तामा आखातात. गरीब कोळी रात्री चिखलावर जाळी लावून मोठी पाखरं धरत. त्यांत ही चिमुकलीही अडकायची. कोवळी पाखरं पहिला उन्हाळा दक्षिणेतच काढतात, त्यामुळे वर्षभर जाळ्याची गाठ त्यांच्याशीच. नवी पिढी घरट्यापर्यंत पोहोचेचना. इथला उपाय मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो: शिकार सोडणाऱ्यांना होड्या, मासेमारीची जाळी, जनावरं दिली गेली. पोटाचा प्रश्न पोटाच्या भाषेत सोडवला.

२००८मध्ये पाखराची नोंद अतिसंकटग्रस्त यादीत झाली. २०११मध्ये काही पिल्लं बंदिस्त पैदाशीसाठी इंग्लंडमधल्या स्लिमब्रिजच्या पाणपक्षी केंद्रात नेली गेली. दुसऱ्या वर्षीपासून चुकोत्कातल्या मेनिपिल्गिनो गावाजवळ नवी रीत सुरू झाली. घरट्यातली अंडी उचलायची, उबवणी यंत्रात उबवायची, पिल्लांना पंख फुटेपर्यंत जाळीखाली सांभाळायचं आणि पायात खूणपट्टी अडकवून सोडून द्यायचं. कोल्ह्या-पक्ष्यांच्या तोंडून जी वाचली नसती, ती अशी वाचतात.

चिखलाचंही नशीब थोडं फिरलं. २०१८च्या सुरुवातीला चीनने किनाऱ्यावर भराव घालून धंद्यासाठी जमीन काढण्यावर कडक बंधनं आणली. २०१९मध्ये पीत समुद्राच्या काठचे काही पट्टे जागतिक वारसा यादीत आले. आणि २०२२मध्ये मोठाली यंत्रं चिखलात उतरवून, कधीकाळी हौसेने लावलेलं ते गवत उपटण्याची देशव्यापी मोहीम चीनने हाती घेतली.