तिरकी नळी किती बारीक असावी? एका प्रयोगामागची गोष्ट

गढूळ पाणी रांजणात लवकर निवळतं की परातीत? परातीत, कारण कणाला तळ गाठायला कमी अंतर पडावं लागतं. अमेरिकी अभियंता ॲलन हेझन यांनी १९०४ मध्ये हेच वाहत्या पाण्याच्या टाक्यांबाबत मांडलं. टाकी किती गाळ धरते हे तिच्या खोलीवर नाही, तळाच्या क्षेत्रफळावर ठरतं. मग टाकीत एकावर एक आडवे कप्पे का टाकू नयेत? टाकावेत, पण साचलेला गाळ बाहेर काढणार कोण? कल्पना अनेक वर्षं तिथेच अडली.

उत्तराचा एक धागा सापडला तो रक्तात. १९२० मध्ये इंग्लंडमधले विकृतिशास्त्रज्ञ बॉयकॉट यांनी नोंदवलं, की उभ्या नळीपेक्षा तिरक्या नळीत रक्तपेशी बऱ्याच लवकर खाली बसतात. कण थेट तळापर्यंत पडत नाही; जवळच्या भिंतीवर टेकतो आणि तिच्यावरून घसरत जातो. म्हणजे नळीला पुरेसा उतार असेल तर ती स्वतःच साफ होते.

१९६०च्या दशकात अमेरिकेत कल्प आणि हॅन्सन यांनी अशा नळ्यांचे जुडगे जलशुद्धीकरणात आणले. साधारण ६० अंशांचा कोन रूढ झाला. कोणता कण अशा नळीत अडकेल याचं गणित १९७० मध्ये याओ या संशोधकांनी बसवलं आणि ते आजही चालतं. आपल्याकडेही उशीर झाला नाही. जे. एन. कर्डिले यांनी महाराष्ट्रातल्या छोट्या गावांसाठी जी साधी शुद्धीकरण केंद्रं उभारली, त्यांत खडीचे थर, तिरक्या नळ्या आणि वाळूवर नारळाच्या करवंटीचा चुरा असा देशी संसार होता.

याओंचं गणित नळी किती मोठी ते विचारत नाही, लांबी आणि व्यासाचं गुणोत्तर विचारतं. २.५ सेंमी व्यासाच्या, ५० सेंमी लांबीच्या नळीतून ६० अंशांवर पाणी सेकंदाला १ मिमी वेगाने वर चढलं, तर सेकंदाला ०.१२ मिमी किंवा त्याहून वेगाने बसणारा कण सुटत नाही. व्यास आणि लांबी दोन्ही निम्मी केली तरी कागदावर उत्तर तेच. म्हणजे टाकी उथळ, स्वस्त. मोह होणारच.

अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या अ‍ॅग्वाक्लारा गटाला तो झाला. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमधल्या गावांसाठी विजेविना चालणारी केंद्रं हा गट २००५ पासून आखतो, तिथे टाकीची खोली म्हणजे खर्च. पण बारीक नळीत भिंतीलगत पाण्याचा वेग झपाट्याने बदलतो. तोच सरासरी वेग ठेवून व्यास निम्मा केला, की हा बदल दुप्पट होतो. तुरटीमुळे मातीचे कण चिकटून झालेला पुंजका भिंतीवर टेकल्यावर घसरण्याऐवजी गडगडत वर जाऊ शकतो. गणितात कण ठिपका असतो, खऱ्या पाण्यात त्याला आकार असतो.

म्हणून प्रयोग असा आखायचा: गुणोत्तर, कोन आणि वेग तेच ठेवून फक्त व्यास बदलायचा आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा मोजायचा. मातीची आणि तुरटीची मात्रा अर्थातच सारखी. एक खबरदारी मात्र हमखास विसरली जाते. पंप नळीच्या आधी लावला तर पुंजके त्यातच फुटतात आणि दोष नळीवर येतो. पंप नळीच्या पुढे लावून पाणी ओढून घ्यायचं.