सुरकुत्यांसाठी फिलर : येण्याआधी एवढं वाचून या

दवाखान्यात रोज तेच तेच प्रश्न येतात म्हणून हे लिहून ठेवलंय, वेटिंगमध्ये वाचा नाहीतर घरी घेऊन जा.

पहिली गोष्ट, फिलर म्हणजे बोटॉक्स नाही. फिलर म्हणजे सुईने कातडीखाली भरायचं जेल, बोटॉक्स म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन. आरशासमोर बसून कपाळाला आठ्या घाला आणि मग चेहरा एकदम सैल सोडा. ज्या रेषा लगेच गेल्या त्या स्नायूंच्या, त्यांना बोटॉक्स. चेहरा सैल असतानाही जी घडी हटत नाही, विशेषतः नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी, तिथे फिलर. वयानुसार गालातली भर कमी होते आणि कातडी खाली उतरते, म्हणून बऱ्याचदा आम्ही घडीत न भरता थोडं गालात भरतो, मग लोक म्हणतात अहो डॉक्टर सुरकुती इथंय, सुई तिकडे का!

भरतो ते हायलुरॉनिक ॲसिडचं जेल. ॲसिड ऐकून दचकू नका, ते आपल्या कातडीत मुळातच असतं, पाणी धरून ठेवतं. नुसतंच टाकलं तर शरीर काही दिवसांत जिरवून टाकेल म्हणून कंपनीत त्याचे धागे एकमेकांत गुंतवून घेतात, मग जागेप्रमाणे साधारण ६ ते १८ महिने टिकतं, सारख्या हलणाऱ्या ओठांत त्याहून लवकर जिरतं. एक सिरिंज १ मिलीची, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग, तेव्हा एका सिरिंजमध्ये कॉलेजातला चेहरा परत मागू नका.

बॉक्स तुमच्यासमोरच फोडतो आणि बॅचचा स्टिकर तुमच्या कार्डावर लावून देतो, नाही लावला तर हक्काने मागा.

मागे एक काकू मुलीच्या हळदीच्या चार दिवस आधी आल्या होत्या, त्यांना तसंच परत पाठवलं. सूज दोन-तीन दिवस राहते, काळं-निळं पडलं तर आठवडा किंवा जास्तही जातो आणि हळदीला सगळे मिळून गाल चोळणार, ताज्या फिलरला ते अजिबात चालत नाही. कार्याच्या किमान ३ आठवडे आधी या. पार्लरचं फेशियल, मसाज दोन आठवडे बंद. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आम्हाला सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. दिवस गेलेले असतील, बाळ अंगावर पीत असेल किंवा चेहऱ्यावर पिकलेली पुटकुळी असेल तर सध्या नको.

आता जे बाकीचे लोक बारीक अक्षरात छापतात ते. क्वचित जेल रक्तवाहिनीत जातं. कातडी पांढरी पडली, जांभळी जाळी दिसली, खूप दुखायला लागलं तर बर्फ लावून झोपू नका, रात्री २ ला पण फोन करा, हे जेल विरघळवणारं हायलुरॉनिडेज इंजेक्शन आम्ही कायम ठेवतो. दिसायला अंधुक झालं तर आमची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा, तिथे मिनिटं महत्त्वाची असतात. आणि ऑनलाइन मिळणारं ते बिनसुईचं, दाबाने जेल कातडीत ढकलणारं हायलुरॉन पेन घरी वापरू नका, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली सरकारी औषध नियंत्रण संस्था) २०२१ मध्येच त्याबद्दल सावध केलंय.

दोन आठवड्यांनी एकदा दाखवायला या, एक बाजू कमी वाटली तर तेव्हा बघू, त्याआधी सुजेमुळे काही कळत नाही. येताना मेकअप नको.