अपात्रता (ग्रामपंचायत)

एखाद्या पदासाठी माणूस कायद्यानं बाद ठरणं म्हणजे अपात्रता. कायद्याच्या मराठीत निरर्हता, अनर्हता असेही शब्द दिसतात, गावात मात्र 'अपात्र झाला' नाहीतर सरळ 'डिसक्वालिफाय झाला'. पात्र म्हणजे भांडं, 'पा' म्हणजे पिणे या धातूवरून. 'पतनातून तारतं ते पात्र' अशीही फोड सांगतात, पण ती बहुधा दानाचं महत्त्व पटवायला मागाहून जुळवलेली असावी. गीतेच्या १७व्या अध्यायात अपात्राला दिलेलं दान तामस म्हटलंय, तिथे प्रश्न माणसाच्या लायकीचा आहे. ग्रामपंचायतीत तसं नाही, चांगला काम करणारा सदस्यसुद्धा एका तारखेवरून घरी बसतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातल्या (१९५८) कलम १४ मध्ये ही कारणं आहेत. सगळ्यात जास्त घोळ दोन अपत्यांच्या अटीचा, म्हणजे दोनपेक्षा जास्त मुलं असली तर माणूस अपात्र. ही अट १३ सप्टेंबर २००० ला लागू झाली, त्यावेळी ज्यांना दोनपेक्षा जास्त मुलं होती ते आकडा वाढत नाही तोवर सुरक्षित, आणि पुढच्या एका वर्षात एका बाळंतपणात झालेलं मूल किंवा मुलं मोजत नाहीत, म्हणून निवडणुकीचा फॉर्म भरताना '१२ सप्टेंबर २००१ नंतर' जन्मलेली मुलं किती हे विचारतात. एक मूल असताना पुढच्या बाळंतपणात जुळी झाली तर ती एकच धरतात. दत्तक घेतलेलं मूल धरत नाहीत. पण आपलं मूल दुसऱ्याला दत्तक दिलं म्हणून सुटका होत नाही, ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हेच सांगितलं. अशी अट घटनेत बसते हे त्याच न्यायालयानं २००३ मध्ये हरियाणाच्या कायद्याबद्दल मान्य केलंय, तरी तिसऱ्या बाळंतपणाचा निर्णय घरात जिच्या हातात नसतो त्या बाईचंच पद जातं हे मला पटत नाही.

दुसरं मोठं कारण सरकारी जागेवरचं अतिक्रमण. सासऱ्यानं गायरानात घर बांधलं आणि सून निवडून आली तर? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मूळ अतिक्रमण करणाराच अपात्र. २०१८ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते फिरवलं, आणि आता त्या घरात राहणाराही अपात्र ठरतो.

घरपट्टी, पाणीपट्टीचं मागणी बिल आल्यावर तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत तरी पद जातं, म्हणून फॉर्म भरायच्या आधी पंचायतीत थकबाकी भरायला रांग लागते. वाद झाला तर निर्णय जिल्हाधिकारी देतात.