चयापचयवाद : जपानमधील कल्पित नगरे आणि त्यांचे अभिलेखसंग्रह

चयापचयवाद ही जपानी वास्तुकलेतील चळवळ १९६० साली तोक्यो येथे सुरू झाली. शहर हा सजीव देह आहे. त्याचा सांगाडा दीर्घकाळ टिकावा आणि राहण्या-वापरण्याच्या खोल्या मात्र मुदत संपली की बदलता याव्यात, हे तिचे मुख्य सूत्र. जपानीत तिला ‘शिंचिनताइशा’ म्हणतात. जुने जाऊन त्याजागी नवे येणे असा या शब्दाचा अर्थ असून शरीरातील चयापचयालाही तोच शब्द वापरतात. या चळवळीने कल्पिलेली समुद्रावरची, आकाशातली आणि खांबांवर उचललेली शहरे जवळजवळ सगळीच कागदावर राहिली. जी थोडी बांधकामे झाली, त्यांतलीही अनेक पाडली गेली. म्हणून या विषयाचा अभ्यास इमारतींपुढे उभे राहून फारसा होत नाही. तो नकाशांचे खण उघडून, प्रतिकृती मोजून आणि निगेटिव्ह उजेडापुढे धरून करावा लागतो.

पार्श्वभूमी : मे १९६०मध्ये तोक्योत जागतिक डिझाइन परिषद भरली. तिच्या तयारीच्या काळात वास्तुविशारद ताकाशी आसादा यांच्याभोवती तरुणांचा एक गट जमला. समीक्षक नोबोरू कावाझोए, वास्तुविशारद कियोनोरी किकुताके, किशो कुरोकावा, फुमिहिको माकी व मासातो ओताका, औद्योगिक वस्तूंचे रचनाकार केंजी एकुआन आणि चित्र-मुद्रण रचनाकार कियोशी आवाझू हे त्याचे घटक. परिषदेच्या वेळी त्यांनी ‘मेटाबोलिझम/१९६०’ ही पुस्तिका काढली. तीत किकुताके यांचे समुद्रनगर, कुरोकावा यांचे अवकाशनगर आणि माकी-ओताका यांचा ‘समूहरूप’ हा विचार एकत्र आला. वास्तुविशारद केन्झो तांगे हे या साऱ्यांचे वडीलधारे. गटाचे सभासद मात्र ते नव्हते. वास्तुविशारद अराता इसोझाकीही नव्हते, तरी त्यांच्या ‘आकाशातील शहर’ या रेखाटनांवाचून चळवळीचे कोणतेही प्रदर्शन पुरे होत नाही.

बॉम्बहल्ल्यांत बेचिराख झालेली शहरे, एक कोटीच्या घरात पोचलेली तोक्योची लोकसंख्या आणि मोजक्या लोकांच्या हाती असलेली जमीन ही या कल्पनांमागची कारणे होती. सप्टेंबर १९५९च्या इसे उपसागरातील तुफानाने आइची परिसर पाण्याखाली घातला. कुरोकावा तिथलेच. त्यांचे १९६०चे ‘कृषिनगर’ खांबांवर उचललेल्या जाळीवर वसते आणि खाली शेत मोकळे राहते, ते या पुराच्या अनुभवातून. हा संदर्भ सोडला की ते रेखाटन नुसती भूमितीची कसरत वाटते. दुसरा संदर्भ इसे येथील शिंतो देवस्थानाचा. तिथे दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर मंदिर नव्याने बांधतात. लाकूड बदलते, रूप तेच राहते. ६२वे पुनर्बांधकाम २०१३ साली झाले.

कागदावरची शहरे : तांगे यांचा ‘तोक्यो आराखडा १९६०’ हा या काळातील सर्वांत गाजलेला प्रस्ताव. १ जानेवारी १९६१ रोजी तो एनएचके या जपानी सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या दूरचित्रवाणीवरून लोकांपुढे आला. केंद्राभोवती वर्तुळात वाढणाऱ्या शहराऐवजी तोक्योच्या उपसागरावरून पलीकडच्या किनाऱ्याकडे जाणारा सरळ कणा, त्यावर साखळीसारखी गुंतलेली रस्त्यांची वळणे आणि काटकोनात फुटणाऱ्या निवासी फांद्या अशी त्याची रचना होती. आज तो बहुतेकांना ठाऊक आहे तो आकिओ कावासुमी यांनी टिपलेल्या प्रतिकृतीच्या फोटोंमुळे. हे फोटो इतके प्रभावी आहेत की पाहणारा वाहतुकीचे गणित विसरतो. आराखड्यामागे मात्र मोटारगाड्यांच्या ये-जा मोजणीचा तर्क होता, आणि तो समजण्यासाठी मजकूर व तक्ते वाचावेच लागतात.

किकुताके यांच्या समुद्रनगराची रेखाटने १९५८पासूनची आहेत. त्याच वर्षी त्यांनी तोक्योत स्वतःच्या कुटुंबासाठी ‘स्काय हाउस’ बांधले. चार भिंतवजा खांबांवर उचललेली सुमारे १० मीटर बाजूची एकच चौकोनी खोली, आणि स्वयंपाकघर, न्हाणी हे हलवता येणारे भाग. मूल झाल्यावर त्याची खोली घराच्या पोटाखाली टांगली आणि गरज सरल्यावर ती काढली. चळवळीचे सूत्र खरोखर चालले ते प्रथम इथे, एका घराच्या मापात. मोठ्या मापात तेच नीट जमले नाही. १९७५च्या ओकिनावा सागरी प्रदर्शनासाठी किकुताके यांनी रचलेले ‘अ‍ॅक्वापोलिस’ हे १०० मीटर लांब-रुंद तरंगते नगर २००० साली ओढत शांघायला नेऊन भंगारात काढले.

माकी यांची वाट वेगळी होती. ‘मेगास्ट्रक्चर’ (शहराची अनेक कामे सामावणारा एकच प्रचंड सांगाडा) हा शब्द १९६४मध्ये त्यांच्याच लेखनामुळे रूढ झाला, पण त्यांचा ओढा लहान-लहान इमारतींनी हळूहळू घडणाऱ्या समूहाकडे होता. तोक्योतील हिलसाइड टेरेस १९६९च्या पहिल्या टप्प्यापासून दोन दशकांहून अधिक काळ तुकड्या-तुकड्यांनी वाढत गेले आणि आजही वापरात आहे. काळासोबत वाढणारे शहर हवे होते, तर ते सर्वांत प्रामाणिकपणे उतरले आहे ते इथेच. दिमाखदार प्रतिकृती नसल्यामुळे प्रदर्शनांत त्याच्या वाट्याला कोपरा येतो, हा अन्यायच आहे.

नाकागिन कॅप्सूल टॉवर : तोक्योच्या गिन्झा भागात १९७२ साली पुरी झालेली कुरोकावा यांची ही इमारत म्हणजे चळवळीची बांधून दाखवलेली प्रतिज्ञा. जिना व लिफ्ट पोटात घेतलेले ११ व १३ मजल्यांचे दोन काँक्रीट गाभे आणि त्यांना लटकवलेल्या १४० कॅप्सूल, म्हणजे डब्यासारख्या सुट्या खोल्या. प्रत्येक कॅप्सूल कारखान्यात पोलादी चौकटीवर तयार करून ट्रकने आणली आणि चार उच्चताण बोल्टांनी गाभ्याला जोडली. आतली जागा साधारण २.३ मीटर रुंद, ३.८ मीटर लांब व २.१ मीटर उंच. एका टोकाला १.३ मीटर व्यासाची गोल खिडकी आणि तिच्यालगत पलंग. एका भिंतीत कपाट, उघडमीट होणारे टेबल, टेलिफोन व टीव्ही. दाराजवळच्या कोपऱ्यात विमानातल्यासारखी आटोपशीर न्हाणी.

कॅप्सूलचे आयुष्य २५ वर्षे धरले होते. एकही कॅप्सूल कधी बदलली गेली नाही. त्याची कारणे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. सुटी कॅप्सूल बाजूला ओढून काढता येईल अशी कल्पना होती, पण दोन कॅप्सूलमधली फट अगदी अरुंद राहिली. त्यामुळे खालची काढायची तर वरच्या सगळ्या आधी उतरवाव्या लागणार. बोल्ट आणि नळांचे सांधेही त्याच अरुंद जागेत, म्हणून साधी गळती दुरुस्त करणे जिकिरीचे झाले. वर आगीपासून बचावासाठी आरोग्याला घातक असे अ‍ॅस्बेस्टस वापरलेले. शिवाय कॅप्सूलचे मालक निरनिराळे. जपानच्या त्या वेळच्या कायद्यानुसार अशा इमारतीच्या पुनर्बांधणीला चार पंचमांश मालकांची संमती लागे. बोल्ट चार होते, मालक अनेक. अडले ते दोन्हीकडे. २०१०पासून गरम पाणी बंद झाले आणि एप्रिल २०२२मध्ये इमारत उतरवायला सुरुवात झाली.

त्या वेळी २३ कॅप्सूल वाचवण्यात आल्या. अ‍ॅस्बेस्टस काढून त्या दुरुस्त केल्या आणि वेगवेगळ्या संस्थांकडे गेल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे, म्हणजे मोमाकडे, ए१३०५ ही कॅप्सूल आहे; सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयानेही एक घेतली. सायतामा येथे कुरोकावा यांनीच रचलेल्या संग्रहालयाच्या बागेत एक कॅप्सूल आधीपासून उभी आहे. टिकायचा होता तो गाभा गेला आणि बदलायच्या होत्या त्या खोल्या उरल्या. संग्रहालयांपुढचा पेचही यातूनच निघतो. गंजलेला पत्रा, पिवळटलेले प्लास्टिक आणि भाडेकरूंनी केलेले फेरफार जपायचे, की १९७२चे रूप परत आणायचे? पहिल्यात वापराचा इतिहास टिकतो, दुसऱ्यात रचनेचा हेतू दिसतो. दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये साधत नाहीत, म्हणून काढलेला प्रत्येक भाग क्रमांक घालून वेगळा जपणे हाच सुरक्षित मार्ग.

संग्रह कुठे आहेत : तोक्योच्या युशिमा भागात जपानच्या सांस्कृतिक व्यवहार खात्याने २०१३ साली आधुनिक वास्तुकलेचे राष्ट्रीय अभिलेखागार उघडले. किकुताके आणि ओताका यांच्या कागदपत्रांवर तिथे स्वतंत्र प्रदर्शने झाली आहेत. कानाझावा तंत्रज्ञान संस्थेतही वास्तुविशारदांच्या संघटनेसोबत चालवलेला संग्रह आहे. तांगे यांची कागदपत्रे मात्र जपानबाहेर आहेत. ती २०११मध्ये कुटुंबीयांकडून हार्वर्ड विद्यापीठाच्या डिझाइन विद्याशाखेतील फ्रान्सेस लोब ग्रंथालयाला मिळाली. पॅरिसचे पाँपिदू केंद्र आणि मोमा यांच्याकडे किकुताके, कुरोकावा व इसोझाकी यांची निवडक रेखाटने व प्रतिकृती आहेत. कला संग्रहालय आणि अभिलेखागार यांत इथे मोठा फरक पडतो. संग्रहालय देखणे कागद उचलते. अभिलेखागार पत्रव्यवहार, गणिते, दुरुस्त्यांचे नकाशे आणि ठेकेदाराला दिलेल्या सूचना यांसह अख्खे दप्तर घेते. बोल्ट नेमका कुठे बसतो हे देखण्या कागदावर सापडत नाही.

कागद आणि त्यांचे दुखणे : या काळातील मूळ नकाशे मुख्यतः ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने वा शाईने काढलेले आहेत. त्यांच्या प्रती, आपल्याकडे ज्याला अमोनिया प्रिंट म्हणतात त्या डायझो पद्धतीने काढत. जपानीत त्यांना ‘आओयाकी’ म्हणतात. ट्रेसिंग पेपर जुना झाला की ठिसूळ होतो आणि हवेतली ओल चटकन ओढून सुरकुततो. वर्षानुवर्षे गुंडाळी करून ठेवलेला कागद घाईने उलगडला तर कडेपासून आत चिरत जातो. त्याला आधी बंद डब्यात हळूहळू दमट हवा द्यावी आणि नरम झाल्यावर टीपकागदांच्या मध्ये वजनाखाली सपाट करावे. शाई किंवा शिक्के असतील तर ते ओलीने फुटतात का, हे कोपऱ्यात आधी तपासावे. इस्त्री कधीही फिरवू नये.

अमोनिया प्रिंट उजेडात फिकी पडते, तिची पार्श्वभूमी पिवळी-तपकिरी होते आणि उरलेली रसायने शेजारच्या कागदालाही डागाळतात. म्हणून ती मूळ नकाशांपासून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात. निळ्यावर पांढऱ्या रेघांची खरी ब्लूप्रिंट हे आणखी वेगळे प्रकरण. अल्कधर्मी कागदात ठेवल्यास तिचा निळा रंग उडतो. तेव्हा अल्कधर्मी फोल्डर सगळ्यांना सरसकट वापरणे ही नवख्या संग्राहकाची नेहमीची चूक. दुसरी चूक पेन्सिलीचे रेखाटन पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालण्याची. त्यातली स्थिर वीज ग्रॅफाइटची भुकटी ओढून घेते. इसोझाकी यांच्यासारख्यांच्या चिकटचित्रांत (कोलाजांत) डिंक सुकून तुकडे सुटतात, तर चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग पाडतो. ती पट्टी नुसती ओढून काढली तर रेघही सोबत येते.

ए१ आकाराचे, म्हणजे ८४१ × ५९४ मिलिमीटरचे कागद उथळ खणांत आडवे ठेवावेत. त्याहून मोठे असतील ते किमान १० सेंटीमीटर व्यासाच्या नळीवर बाहेरून गुंडाळावेत, नळीच्या आत कोंबू नयेत. तापमान १८ ते २० अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्के राखतात, आणि त्यातही चढउतार न होणे जास्त मोलाचे. अ‍ॅसिटेट या प्लास्टिकच्या फिल्मवरील निगेटिव्हना व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला की त्या ताबडतोब इतरांपासून वेगळ्या काढून थंड जागी हलवाव्यात. सुरू झालेली झीज मागे फिरत नाही.

नोंदी वाचताना : नकाशाच्या कोपऱ्यातील नामपट्टीत तारीख बऱ्याचदा शोवा वर्षात, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीनुसार मोजलेल्या जपानी वर्षात असते. त्यात १९२५ मिळवले की इसवी सन येतो. शोवा ३५ म्हणजे १९६०. नावांची घोटाळ्याची जागा वेगळी. जपानीत आडनाव आधी येते, पाश्चात्त्य नोंदीत नंतर, आणि एकच चित्रलिपी दोन तऱ्हांनी वाचली जाते. कुरोकावा यांचे पहिले नाव मुळात ‘नोरिआकी’ असे वाचले जाई, ‘किशो’ हे नंतर रूढ झाले. शोधताना दोन्ही वाचने घालून पाहावीत. खोडून पुन्हा काढलेल्या रेघा तिरप्या उजेडात दिसतात, सपाट स्कॅनमध्ये नाहीशा होतात. त्यामुळे डिजिटल प्रत पाहून झाल्यावरही मूळ कागद मागवण्यात अर्थ असतो.

भारताशी या विषयाचे काही थेट धागे आहेत. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी १९६०च्या तोक्यो परिषदेला हजर होते. पेरूतील लिमा येथील ‘प्रेवी’ या स्वस्त घरांच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पासाठी किकुताके, कुरोकावा व माकी यांनी मिळून आराखडा केला, आणि त्याच प्रकल्पात मुंबईच्या चार्ल्स कोरिया यांचीही घरे होती. कोरिया यांची कागदपत्रे आज लंडनच्या ‘रिबा’कडे, म्हणजे ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजमान्य संस्थेकडे आहेत. पाटण्याचे बिहार संग्रहालय माकी यांच्या कार्यालयाने मुंबईच्या ओपोलिस या संस्थेसह रचले.

प्रतिकृतींच्या बाबतीत दोन तारखा स्वतंत्र लिहाव्या लागतात : रचना कधीची आणि ही प्रतिकृती कधी बनवली. प्रदर्शनांसाठी अनेक प्रतिकृती पुढे नव्याने केल्या गेल्या आहेत. फलकावर फक्त १९६१ लिहिलेले असेल तर समोरचे स्वच्छ अ‍ॅक्रिलिक त्या वर्षीचे आहे असे धरून चालू नये; संग्रहाच्या नोंदवहीत साहित्य, बनवणारा आणि आवकीची तारीख पाहावी.