एकाच रंगमंचावर अनेक प्रयोग

दादरच्या शिवाजी मंदिरात दुपारचं नाटक संपतं, टेम्पोतून दुसऱ्या नाटकाचं नेपथ्य उतरतं आणि संध्याकाळी त्याच रंगमंचावर वेगळंच घर उभं राहतं. संशोधनसंस्थेतला सामायिक संगणक-क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांचा समूह, मला तसाच वाटतो. फरक एवढाच, की तिथे सगळ्यांना आपला प्रयोग एकाच वेळी लावायचा असतो.

मुंबईला ही वाटणी जुनी आहे. १९६४ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला, त्यावर इतर संस्थांमधल्या शास्त्रज्ञांचीही आकडेमोड चालायची. तेव्हा ओढाताण वेळेची होती. आज ती सॉफ्टवेअरचीही आहे. भौतिकशास्त्रज्ञाचा प्रोग्रॅम लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या आवृत्तीवरच चालतो, शेजारच्या जीवशास्त्रज्ञाला अगदी नवी हवी असते. एकासाठी अपडेट केलं की दुसऱ्याचं महिन्यांचं काम अडतं.

इथे आभासी यंत्र कामी येतं. हायपरवायझर नावाचा प्रोग्रॅम एका खऱ्या सर्व्हरवर अनेक यंत्रं थाटतो. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, आणि प्रत्येकीला वाटतं की सगळा सर्व्हर आपलाच. बेरीज-गुणाकार ती थेट प्रोसेसरवर करते. पण हार्डवेअरवर ताबा मागणारी आज्ञा दिली, की प्रोसेसर तिला थांबवून कारभार हायपरवायझरकडे सोपवतो. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर हे १९७२पासून बाजारात होतं. आपल्या नेहमीच्या सर्व्हरमधल्या इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांत मात्र ही सोय २००५-०६मध्ये आली, आणि २००७ साली केव्हीएम हा हायपरवायझर लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाला.

हे फुकट मिळत नाही. हवामानाच्या गणितात शेकडो सर्व्हर पावलोपावली एकमेकांशी बोलतात. मधलं आभासी नेटवर्क कार्ड तिथे वेळ खातं. मग खरं कार्डच थेट त्या यंत्राच्या हवाली करतात, पण तसं केलं की सुरू असलेलं आभासी यंत्र दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं अवघड होतं. अशा कामांना मी तरी खरे सर्व्हरच देईन. कणांच्या टकरींचं विश्लेषण वेगळं: प्रत्येक टक्कर स्वतंत्र, त्यामुळे काम कुठेही वाटून देता येतं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो आभासी यंत्राचा आणखी एक उपयोग. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेने २०१४ साली आपल्या सीएमएस या कणांच्या टकरी टिपणाऱ्या प्रयोगाची २०१०ची माहिती सर्वांसाठी खुली केली, तेव्हा ती वाचायला लागणारं आभासी यंत्रही सोबत दिलं. त्यातलं लिनक्स आज नव्या सर्व्हरवर कोणी बसवणार नाही. पण त्या यंत्रात ते जसंच्या तसं सुरू होतं, आणि मुंबईतली बी.एस्सी.ची एखादी विद्यार्थिनी घरच्या लॅपटॉपवर प्रोटॉनच्या टकरी तपासू शकते.