मेंदूतला ठेका धरतं कोण?

गिरगावातल्या विसर्जन मिरवणुकीत पुढच्या ढोलाचा ठोका 34 मीटर मागे असलेल्या वादकाला 100 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. नुसत्या कानावर भिस्त ठेवली तर ठेका ओढला जाणारच, म्हणून हाताची खूण लागते. चेतापेशींना खूण करणारं कुणी नसतं. तरी त्यांचा ठेका जमतो.

तो जमवतात गप्प करणाऱ्या पेशी. मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे वरच्या थरात, 100 पैकी साधारण 80 पेशी उत्तेजक (इतरांना चेतवणाऱ्या), उरलेल्या दमन करणाऱ्या. उत्तेजक पेशींचा एक घोळका आवेग, म्हणजे विजेचा छोटा ठोका, सोडतो. दोन-चार मिलिसेकंदांत दमन पेशी जाग्या होतात आणि गाबा हे रसायन सोडून आसपासच्या शेकडो पेशींची तोंडं एकदम बंद करतात. गाबाचा अंमल सगळ्यांवरून एकाच सुमारास उतरतो, त्यामुळे पुढचा आवेगही सगळ्या बरोबरच सोडतात. फेरी 25 मिलिसेकंदांची असेल तर सेकंदाला 40 आवर्तनं, म्हणजे गॅमा लय.

संगणकावर 800 उत्तेजक आणि 200 दमन पेशींचं जाळं उभारलं की हे डोळ्यांनी दिसतं. गाबाचा अंमल लांबवा, लय संथ होते. जोडण्या फार विरळ ठेवल्या तर कुणाला दमन जास्त, कुणाला कमी मिळतं; सुटका मागेपुढे होते आणि लय विस्कटते. दमन पेशींनाच बाहेरून जादा चेतवलं, तर उत्तेजक पेशींची पाळी येण्याआधीच त्या आवेग सोडतात आणि सगळं थंडावतं.

मेंदूतल्या एकमेकांपासून लांबच्या भागांचा ठेका जुळणं अवघड. संदेश पोचायला 12-13 मिलिसेकंद लागले तर गॅमाचं अर्धं आवर्तन उलटून गेलेलं असतं. चेतातंतूंवरचं मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टन संदेशाचा वेग वाढवतं ते इथे कामी येतं.

जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाचा पहिला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, नोंदवला. एकट्या पेशीचा आवाज कवटीबाहेर पोचत नाही. हजारो पेशी एकत्र डोलल्या तरच कागदावर लाट उमटते. ईईजी तपासणीला जाताना केस धुवून जा, तेल लावू नका. तेलाने डोक्यावर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडचा संपर्क बिघडतो आणि घरातल्या विजेची 50 हर्ट्‌झची गुणगुण नोंदीत घुसते.

जुळणी अती झाली तरी घातक. मुलांमधल्या एका प्रकारच्या अपस्मारात (फिट्सच्या आजारात) सेकंदाला साधारण 3 टोकदार लाटा दोन्ही बाजूंना एकदम उठतात आणि मूल बसल्याजागी काही सेकंद हरवतं. तपासणीत 3 मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला की अनेकदा हा झटका समोरच येतो. वर्गात मात्र त्याला ‘लक्ष कुठंय?’ म्हणून ओरडा बसतो. असं वारंवार होत असेल, तर ओरडण्याआधी ईईजी काढून घ्या.