उष्णतेची लाट की तापमानवाढ?

फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस हवामान खात्याने मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला आणि ‘बघा, ग्लोबल वॉर्मिंग!’ सुरू झालं. डिसेंबरात स्वेटर बाहेर निघाले की हीच मंडळी विचारतात, ‘कुठे गेली तुमची तापमानवाढ?’ दोन्ही वेळा गल्लत एकच.

लाट ही चार दिवसांची पाहुणी. मुंबईत ती बहुधा पूर्वेच्या वाऱ्यांबरोबर येते. जमिनीवरची कोरडी, तापलेली हवा शहरावर येते, समुद्रावरचं वारं आत शिरायला दुपार उलटते आणि तोवर पारा चढलेला असतो. वारं फिरलं की उतरतो. लाट म्हणायची कधी, हेही ठरलेलं आहे. कमाल तापमान किनाऱ्यावर निदान 37 आणि मैदानी भागात 40 अंश हवं, शिवाय त्या दिवसांच्या सरासरीहून किमान 4.5 अंश जास्त हवं. पारा 45 ला गेला तर मात्र सरासरी बघायचीच नाही. विदर्भातल्या मे महिन्याला हा नियम चांगला ओळखीचा आहे.

तापमानवाढ अशी दुपारी घाम पुसताना कळत नाही. 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान वाढलं ते सुमारे 0.7 अंश. एवढ्यावर कोणी पंख्याचा वेगसुद्धा वाढवणार नाही. ती दिसायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात, त्याही धड. (मे 2024 मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले होते. सेन्सर बिघडला होता!)

खरी गोम लाट ठरवणाऱ्या त्या सरासरीत आहे. ती 30 वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी पुढे सरकते. आधी 1981–2010 ची होती, आता 1991–2020 ची आहे. समजा, एखाद्या गावाची एप्रिलमधली सरासरी 38 होती, तर 42.5 ला लाट. सरासरी 38.5 झाली की त्याच 42.5 ला फरक भरतो 4. लाट नाही! रानात कांदा काढायला बसलेल्या बाईच्या पाठीला ऊन तेवढंच.

2024 हे 1901 पासूनचं भारतातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, सरासरीहून 0.65 अंश वर. ही सरासरी 1991–2020 ची, म्हणजे आधीच वर सरकलेली. वरच्या 0.7 मध्ये हे 0.65 मिळवायला मात्र जाऊ नका, दोन्ही मोजायला सुरुवात वेगवेगळ्या जागेवरून केली आहे.